मिस्त्रींची गाडीतली झोप

…तर तो जाडजूड गृहस्थ खुर्चीसकट जिन्याच्या वळणावर अडकला, वरचे वर राहिले, खालचे खाली, आणि तशातही तो फुंकरला म्हणतो, "जरा सावकाश हो, मला चक्कर येते." फुंकर घामानं निथळतोय. म्हणाला, "साहेब, तुम्ही बसलाय. चक्कर यायचा पहिला मान आमचा!" काल इथवरच आलो होतो आपण आणि उठावं लागलं. तो गृहस्थ उतरला खाली सुखरूप, त्याची काळजी नको. पुढे त्यानं अर्धं वजन घटवलं असं त्याची बायको सांगते, पण नवऱ्याच्या बाबतीत तिचा तराजू पहिल्यापासून उदार.

आज सांगायचं ते त्याच फुंकरचं, पण निराळं. यात हसू येईल मधेमधे, येऊ द्यावं. त्यालाही यायचं आणि मग आल्याची लाज वाटायची.

फुंकर म्हणजे अँब्युलन्सच्या मागच्या भागात रोग्यापाशी बसणारा माणूस. पुढे गाडी हाकायला भोंगा. भोंग्याला हे नाव का पडलं ते गाडीचा सायरन बंद पडला त्या दिवशी सगळ्या शहराला कळलं. खिडकीतून मुंडी बाहेर काढून तो नुसता ओरडत गेला आणि रस्ता दुभंगला. फुंकरचं नाव मात्र त्याच्या धंद्यातून आलं. दम लागलेल्या माणसाजवळ गुडघे टेकून तो पहिलं वाक्य म्हणायचा ते ठरलेलं: "बोलू नका. समोर गरम चहा आहे असं समजा. ओठांचा चंबू करा आणि सावकाश फुंकर घाला. चहा सांडायचा नाही." आणि खरंच सांगतो, घाबरून फाटलेल्या डोळ्यांची माणसं त्या नसलेल्या चहावर फुंकर घालायला लागायची आणि त्यांचा श्वास जरा वळणावर यायचा.

दम लागलेल्याला आडवं करायचं नाही आणि एक पाऊल चालवायचं नाही, हे तो दिसेल त्याला सांगत सुटायचा. एकदा एका घरी गेला तर यजमानांना गादीवर उताणं निजवलेलं आणि भोवती सहा नातेवाईक वर्तमानपत्रानं वारा घालतायत. फुंकर म्हणाला, "सहा जण वारा घालताय आणि सहाच्या सहा हवा अडवून उभे! पाच जण बाहेर जा, आणि सहाव्यानं यांना उठवून बसवा." यजमान बसते झाले, पाय खाली सोडले, पुढे वाकले, आणि पहिला शब्द उच्चारला तो असा: "तो... निळ्या... शर्टवाला... मेव्हणा... आधी... घालवा."

एक गोष्ट मात्र घरच्यांना कधीच पटायची नाही. वर्षानुवर्षं धूर आणि धूळ खाऊन ज्यांची छाती झिजली आहे, त्यांना ऑक्सिजन मापानं द्यायचा. द्यायचा, पण मापानं. बोटाला लावायच्या चिमट्यावर आकडा नव्वदीच्या आसपास आला की हात आवरायचा. अशा छातीला थोडक्यात भागवायची सवय झालेली असते. तिच्यावर ऑक्सिजन ओतला तर श्वासाचा जोर ओसरतो, आतली वाईट हवा आतच साचते, आणि माणूस पेंगायला लागतो. बघणाऱ्याला वाटतं, आराम पडला. अति तिथे माती म्हणतात ना, ती इथं अगदी शब्दशः. फुंकरला हे पाठ होतं. नव्यानं कामावर येणाऱ्यांना तोच शिकवायचा. म्हणून तर जे झालं ते त्याला इतकं लागलं. नवख्याची चूक पोटात घालता येते. पोहणाऱ्यानंच गटांगळी खाल्ली तर सांगायचं कुणाला?

तर मिस्त्री. मिस्त्री म्हणजे सुतार. लाकडाचा भुसा आणि सिगारेटचा धूर या दोघांनी त्यांच्या छातीत आयुष्यभर भाडं न देता बिऱ्हाड केलेलं. शेवटी शेवटी ताठ बसून दम पुरेना, पुढे वाकून हात टेकावे लागत. तर या माणसानं त्यासाठी टेबलच बनवलं. बरोबर कोपराच्या उंचीचं, कडा गोल घासलेल्या, हाताला टोचू नयेत म्हणून. घराच्या पुढच्या खोलीत, जिथं पूर्वी रंधा चालायचा तिथंच ते टेबल, खिडकीकडे तोंड करून. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात ते आणि त्यांची लेक.

लेक शाळेची व्हॅन चालवायची. गाडीभर कालवा करणारी पोरं आरशातून एकदा बघितलं की चिडीचूप. रस्त्यावर ट्रकवाले तिला वाट देत. अशी ही बाई एका गारठलेल्या सकाळी पोरांना शाळेत सोडून घरी आली, तर बाप टेबलावर वाकलेला, खांदे कानाला भिडलेले, ओठ शाईसारखे.

फुंकर आत शिरला आणि गुडघे टेकून म्हणाला, "बोलू नका. समोर गरम चहा आहे असं समजा..."

मिस्त्री एकेका श्वासाला एकेक शब्द टाकत म्हणाले, "तू... येईतो... गार... झाला."

फुंकर फस्‌कन हसला. त्या क्षणापासून म्हातारा त्याला आवडला. आता हेही सांगून ठेवतो, आवडलेल्या माणसाच्या बाबतीतच आपला हात चुकतो.

खुर्चीत बसवून त्यांना गाडीत घेतलं. पाठ उभी, पाय खाली, तोंडाला मास्क, त्यातून औषधाची वाफ, बोटाला चिमटा, मापात ऑक्सिजन. भिंतीवर ऑक्सिजनची काचेची नळी असते, तिच्यात एक छोटी गोळी. नॉब फिरवावा तशी ती वरखाली होते. फुंकरनं ती खालच्या, दोन लिटरच्या रेघेवर ठेवली. चिमट्यावरचा आकडा सत्तरीतून निघाला आणि रखडत रखडत नव्वदला आला. झालं. इथं थांबायचं. वाफ आपलं काम करील, रस्ता आपलं करील.

लेक समोरच्या बाकावर. म्हणाली, "नव्वद? शंभरातले नव्वदच?"

"ताई, यांच्यासाठी नव्वद म्हणजे पहिला नंबर."

"माझ्या व्हॅनमधल्या पोरांच्या आया नव्वद पडले की रडतात. वाढवा की!"

"यांना जास्त चालत नाही, ताई. जास्त दिला तर..."

"अहो, हवाच ती! हवा कुणाला जास्त होते का?"

फुंकरनं पुन्हा समजावलं. पण तिकडे मिस्त्रींचे खांदे अजून वरखाली होत होते, गळ्याच्या खळगीत दर श्वासाला खड्डा पडत होता. आणि ती बाई, जिला ट्रकवाले वचकून असत, ती रडायला लागली. आवाज नाही, हुंदका नाही. नुसती फुंकरच्या हाताकडे बघत रडत राहिली. फुंकरनं जन्मात काय कमी पाहिलं? रक्त पाहिलं, हाडं पाहिली, कधी पापणी लवली नाही. पण हातावरची ती नजर काही त्याला सोसेना.

त्यानं नॉब फिरवला. गोळी नळीत टुण्‌कन वर गेली.

आकडा चढला. पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव. लेकीनं डोळे पुसले. "बघा," ती म्हणाली, "आता कसं!" फुंकरनं मनात म्हटलं, जरा वेळ राहू दे, तिचा जीव भांड्यात पडू दे, मग खाली आणू.

आणि मग तो रस्ता. अर्धा खणलेला, मधोमध डांबराचा रोलर आडवा. भोंगा मुंडी बाहेर काढून रोलरवाल्याशी भांडायला लागला. "अरे ए, लग्नाला निघालायस का एवढा नटूनथटून सावकाश?" रोलरवाला म्हणतो, "याला मागे घ्यायचा गियर तुझ्या घरून आणू का?" गाडी जागच्या जागी. इकडे लेक हलकी झालेली. जीव हलका झाला की माणूस बोलतं. तिनं सांगायला घेतलं, ती लहान असताना बापानं तिच्या बाहुल्यांसाठी कपाट केलं, खरं कुलूप बसवलं, आणि किल्ली आतच ठेवून कपाट लावून टाकलं. अख्खं घर त्या बाहुल्यांची सुटका करायला जमलं. बाप म्हणतो, कपाट मोडणार नाही, फार सुरेख झालंय. गोष्ट म्हटली की फुंकरचे कान टवकारतात आणि बाकी सगळं झोपी जातं. तोही हसला. त्यानंही एक सांगितली. रोलर हलेपर्यंत गाडीत अगदी घरच्यासारखं झालं.

"श्शू," लेक म्हणाली. "झोपले. कितीतरी दिवसांत असे निवांत झोपले नव्हते हो."

फुंकरनं वळून पाहिलं. मिस्त्रींची हनुवटी छातीवर. खांदे शांत. चेहरा तांबूस, हात गरम. तो त्यांच्या कानाशी वाकला.

"मिस्त्री! चहा!"

पापण्या अर्ध्या उघडल्या, आत कुणी नव्हतं, आणि मिटल्या.

तेव्हाच नॉब खाली यायला हवा होता. हात उचललाही होता त्यानं. पण लेक बघत होती, तिच्या चेहऱ्यावर नुकतं ऊन पडलेलं. आता वाढवलेलं कमी करायचं म्हणजे सांगायला लागलं असतं, मघाशी चुकलो म्हणून. आणि हॉस्पिटलची कमान समोर दिसत होती. मिस्त्रींचा खांदा हलवत, हाका मारत त्यानं तेवढं अंतर काढलं. गाडी पोर्चमध्ये थांबली. मागचं दार उघडून लेक आधी उतरली. ती पाठमोरी झाली तेवढ्यात फुंकरनं नॉब फिरवला, आणि गोळी जिथं पहिल्यापासून असायला हवी होती तिथं आणून ठेवली.

कुणी पाहिलं नाही.

लेक केसपेपर काढायला खिडकीशी थांबली. आत डॉक्टरनं विचारलं, "किती ऑक्सिजनवर आणलंत?"

"दोन लिटर."

"सगळा रस्ता?"

"सगळा रस्ता."

आता बघा, नॉब वाढवणं ही चूक होती. माणसाच्या हातून होते. पण हे दोन शब्द चूक नव्हते. हे त्यानं केलं. पुढे महिनोन्‌महिने दात घासताना त्याला आपल्याच तोंडातून ते ऐकू यायचे, "सगळा रस्ता."

डॉक्टर बुचकळ्यात पडला. एवढ्याशा ऑक्सिजनवर आलेला माणूस असा गुंगीत कसा? तेवढ्यात आलेल्या लेकीकडे वळून म्हणाला, "झोपेचं काही दिलं होतं का?"

"नाही हो. सकाळी खोकल्याचं औषध, चमचाभर."

"कुठलं? नक्की एकच चमचा?"

"एकच... म्हणजे चमचा जरा मोठा होता..."

"नीट आठवा."

फुंकर कोपऱ्यात स्ट्रेचरवरची चादर घडी करत उभा. एकदा केली, मोडली, पुन्हा केली. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं खाल्लं एकानं आणि खवखव दुसरीच्या घशात. एक शब्द पुरला असता. तो शब्द ओठांपर्यंत आला, आणि त्यानं तो चादरीबरोबर घडी करून ठेवून दिला.

रक्त तपासल्यावर आत किती वाईट हवा साचली होती ते कळलंच. मिस्त्रींच्या तोंडावर घट्ट मास्क बांधून हवा ढकलणारं मशीन लावलं, आयसीयूत ठेवलं. फुंकर रोज ड्यूटी सुटली की जायचा, काचेतून बघायचा. लेकीला काय वाटावं? ती भेटेल त्याला सांगायची, "अँब्युलन्समधला तो दादा, देवमाणूस आहे. आम्ही त्याचे कोण? तरी रोज येतो." आणि मग आवाज खाली आणून, "मीच मूर्ख. कसलं ते औषध पाजलं. बाबांना मीच मारलं होतं जवळजवळ, त्यानं वाचवलं."

मिस्त्री घरी आले. अंगावरचं मांस उतरलेलं, पण जीभ होती तशीच. मधल्या काळात लेक मात्र अशी झाली की साधी तापाची गोळी द्यायची तरी तीन जणांना विचारायची. खोकल्याची बाटली तिनं मोरीत ओतली आणि रिकामी बाटली घरात नको म्हणून चालत जाऊन लांबच्या कचराकुंडीत टाकली. हे सगळं तिनंच फुंकरला सांगितलं, विश्वासानं.

मिस्त्रींनी काय करावं? गाडीत चढताना मागची पायरी उंच आहे हे त्यांनी त्या अवस्थेतही हेरलं होतं. बसल्याबसल्या, रोज थोडं थोडं घासून, त्यांनी एक लाकडी पाट केला, पायरीखाली ठेवायला. लेकीच्या हाती पाठवून दिला. भोंग्यानं तो गाडीच्या मागे ठेवला आणि म्हणाला, "या देवमाणसा, पाय पुसून चढा." फुंकर पाटाला वळसा घालून उंच पायरीवरून चढला. दुसऱ्या दिवशीही. भोंगा म्हणाला, "का रे, पाट काय चावतो?"

घरी त्याची बायको. ती चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे. नवऱ्याच्या नाकाखाली काय चाललंय ते तिला चष्म्याशिवाय दिसायचं. पूर्वी जेवताना हा दिवसाच्या गोष्टी सांगे, ताटं वाळून जात. आता जेवण पटकन आटपायचं आणि भांडी चमकायची, कारण हा काही न बोलता घासत बसायचा.

एकदा तिनं सरळच विचारलं, "अहो, कुणी बाई आहे का?"

"आहे," हा म्हणाला. "शाळेची व्हॅन चालवते."

तिच्या हातातली वाटी सुटली.

"तसं नाही गं! तिच्या वडिलांना दम आहे."

"दम वडिलांना आहे ना? मग तुमचा का कोंडलाय?"

हा उठून भांडी घासायला गेला.

असंच चाललं असतं. सवय कशाचीही होते, बोचणाऱ्या खड्याची सुद्धा. माणूस चाल बदलतो पण चप्पल झटकत नाही. पण एका दुपारी लेक व्हॅन घेऊन अँब्युलन्सच्या ऑफिसात आली. फुंकर कोपऱ्यातल्या बाकावर बसून बॅगेतले मास्क मोजत होता.

"दादा, घरी मशीन आणलं!" ती म्हणाली. "ऑक्सिजनचं. डॉक्टरांनीच सांगितलं घ्यायला."

"छान केलंत, ताई."

"डॉक्टरांनी अगदी खाली लावून दिलंय. पण मला तुमची युक्ती ठाऊक आहे ना! बाबांना दम भरला की मी नॉब वाढवते, पार वरपर्यंत. या महिन्यात दोनदा वाढवला. दोन्ही वेळा कसे शांत झोपले, अगदी तुमच्या गाडीत झोपले होते तसे. सकाळी डोकं जड असतं त्यांचं, जरा असंबद्ध बोलतात. पण झोप तर होते."

फुंकरच्या हातातला मास्क तसाच राहिला. जड डोकं. असंबद्ध बोलणं. त्याला डॉक्टरची गरज नव्हती, पुढची पायरी त्याला दिसत होती. अशाच एका झोपेतून मिस्त्री उठणार नव्हते, आणि लेक सगळ्यांना सांगणार होती की बाबा शांतपणे गेले.

"ताई, डॉक्टरांनी लावलाय तेवढाच ठेवा," तो म्हणाला. आपला आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला.

ती हसली. "तुम्हीही त्यांच्यासारखंच बोलता. पण करताना वेगळं केलंत ना? मी बघितली की गोळी वर जाताना. म्हणून तर वाचले बाबा. डॉक्टर काय, ते गाडीत थोडेच होते? तुम्ही होतात."

म्हणजे बघा कसा पेच. नुसतं "नको" म्हणून भागणार नव्हतं. त्याच्या "नको"पेक्षा त्याच्या हातावर तिचा विश्वास जास्त, आणि तो हातच खोटा. मिस्त्रींना वाचवायचं तर "तुमच्या बापाला आयसीयूत मीच पोचवलं" हे सांगावं लागणार. नाही सांगितलं तर नाव राहील, नोकरी राहील, पाट राहील. म्हातारा राहणार नाही.

"माझ्यासाठी एवढं करा," तो म्हणाला. "मी उद्या घरी येतो. तोवर नॉबला हात लावायचा नाही. कितीही वाटलं तरी. वाटलं तर फोन करून गाडी बोलवा, पण नॉब नाही. शब्द द्या."

"दिला," ती म्हणाली, जरा नवल करत. "तुम्ही सांगताय म्हणजे काहीतरी असेल."

हे शेवटचं वाक्य त्याला घरी जाईपर्यंत पुरलं. घरी गेला आणि बायकोला सगळं सांगून टाकलं, स्वयंपाकघराच्या दारात उभ्यानंच. तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, "यापेक्षा बाई असती तरी परवडली असती." आणि थोड्या वेळानं, "आधी तुमच्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडमना सांगा. नंतर मिस्त्रींकडे जा. नाहीतर तिकडे माफी मिळाली की इकडे सांगायचं राहून जाईल. मी ओळखते तुम्हाला."

सकाळी तो ऑफिसातल्या मॅडमपुढे उभा राहिला. मॅडमनी ऐकून घेतलं, ओरडल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, "हे तुम्ही नव्या मुलांना शिकवता ना?" मग म्हणाल्या, चौकशी होईपर्यंत गाडीवर चढायचं नाही. बाहेर भोंगा उभा होता, दाराला कान लावून. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचे कानही मोठे असतात. तो पहिल्यांदाच हळू बोलला. "चल, माझ्या स्कूटरवर बस. एकटा गेलास तर वाटेत मास्क मोजत बसशील."

मिस्त्रींच्या पुढच्या खोलीत खिडकीतून ऊन आलेलं. मिस्त्री टेबलाला कोपरं टेकून, नाकात नळी. कोपऱ्यात मशीन घरघरतंय. लेक चहा ठेवायला वळली तर फुंकर म्हणाला, "चहा नको, ताई. बसा जरा." तो स्वतः मात्र बसला नाही. भोंगा दाराच्या चौकटीत उभा राहिला, परतीची वाट अडवून.

फुंकरनं सांगितलं. एरवी गोष्ट सांगताना तो हातवारे करी, आवाज काढी. या वेळी हात पाठीमागे बांधलेले. गोळी कधी वर गेली ते सांगितलं, कधी खाली आणली ते सांगितलं. "ती झोप नव्हती, ताई. ती गुंगी होती, आणि मी आणलेली होती. घरी नॉब वाढवल्यावर येते ती तीच." डॉक्टरला काय सांगितलं तेही सांगितलं, ते दोन शब्द जसेच्या तसे.

"म्हणजे," लेक म्हणाली, "तो चमचा..."

"चमच्याचा काही संबंध नव्हता. तुम्ही काहीच केलं नव्हतं."

ती उठली. मशीनपाशी गेली, नॉब आहे तिथंच आहे ना ते वाकून पाहिलं, आणि तशीच वाकलेली राहिली. मग वळली ती व्हॅनमधल्या आवाजात. "डॉक्टर मला पुन्हा पुन्हा विचारत होते. चोरासारखं! तुम्ही तिथं होतात. चादर घडी करत होतात! मी बघितलं तुम्हाला. मला वाटलं, बिचारा, आमच्यासाठी किती वाईट वाटतंय त्याला!"

"हो," फुंकर म्हणाला.

"हो काय, हो? मी रोज... तेव्हापासून मी बाबांना पाणी देतानाही पेला हुंगते!"

मिस्त्री टेबलावरून मान वर करत म्हणाले, "झोप... मात्र... फर्मास... होती."

"बाबा, तुम्ही गप्प बसा!" ती ओरडली, आणि तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्याचाच राग येऊन ती रडायला लागली. या वेळी आवाजासकट. भोंग्यानं रुमाल पुढे केला. तो स्कूटर पुसायचा होता, तेलकट. तिनं तो बघितला आणि परत दिला.

मिस्त्रींनी फुंकरकडे बोट केलं. "तू... जरा... बस. तू... उभा... की... माझाच... दम... वाढतो."

फुंकर बसला, स्टुलाच्या कडेवर.

बऱ्याच वेळानं लेकीनं तोंड धुतलं, पदराला पुसलं, समोर येऊन उभी राहिली. "तुमच्या साहेबांना ठाऊक आहे?"

"सकाळीच सांगितलं. गाडीवरून उतरवलंय. चौकशी होईल."

"मला विचारलं तर मी खरं तेच सांगणार. कमी नाही, जास्त नाही."

"तेच सांगा."

"माफ केलं असं समजू नका. मला अजून ठरवायचंय." तिनं बापाकडे पाहिलं, नाकातल्या नळीकडे, पुन्हा फुंकरकडे. "आणि समजा, ठेवलं तुम्हाला कामावर. बाबांना पुन्हा तसाच दम लागला, मी फोन केला, आणि गाडीचं दार उघडलं तर आत तुम्हीच. मग मी काय करायचं? सांगा. बाबांना चढवू की नको?"

फुंकरनं तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "चढवा, ताई, आणि माझ्या समोरच बसा, पुन्हा रडलात तर रडा, पण माझा हात नॉबकडे गेला की दरडावून विचारा, 'हे बाबांसाठी की माझं रडू थांबावं म्हणून?' आणि मी लगेच उत्तर दिलं नाही, तर हात धरा माझा."